टँकर उलटला पण गळला नाही, तर त्याची नोंद कोण करणार?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत धोकादायक माल वाहणाऱ्या ट्रक-टँकरच्या अपघातांची सरकारी डेटाबेसमध्ये नोंद करावी लागते. त्याबद्दल तिथल्या उद्योगाचे मत काय आहे? आपल्याकडे तसे काही आले, तर वाहतूकदार आणि माल भरणाऱ्या कंपन्यांनी काय मागावे?

नोंद करायला तिथल्या उद्योगाचा सरसकट विरोध नाही. खरी धास्ती आहे ती नोंद कुणाच्या हाती जाते आणि पुढे कशी वापरली जाते, याची. दुसरी एक अडचण आहे, तिच्याकडे मात्र फार कमी जणांचे लक्ष जाते. आज जे नोंदले जाते त्यातले बहुतेक गळतीबद्दलचे असते. टाकीने मार खाल्ला आणि माल आत राखला, असे अपघात त्यात तुरळकच येतात. टाकी चांगली की वाईट हे ठरवायला तर हेच अपघात सर्वांत मोलाचे.

आधी तिथली पद्धत पाहू. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत दोन पायऱ्या आहेत. पहिली फोनची. मृत्यू झाला, कुणाला रुग्णालयात दाखल करावे लागले, लोकांना तासभर किंवा जास्त वेळ हलवावे लागले, मोठा रस्ता तासभर किंवा जास्त बंद राहिला, अशा प्रसंगी नॅशनल रिस्पॉन्स सेंटर या सरकारी खबर-केंद्राला लवकरात लवकर, उशिरात उशिरा १२ तासांच्या आत कळवायचे. दुसरी पायरी लेखी. डीओटी एफ ५८००.१ नावाचा फॉर्म ३० दिवसांच्या आत भरायचा आणि त्याची प्रत २ वर्षे जपायची. फोन करावा लागलेला प्रत्येक प्रसंग या फॉर्मात येतो, शिवाय अनवधानाने झालेली गळतीही येते, मग कुणाला इजा झालेली नसली तरी. किरकोळ थेंब-थेंब गळतीला काही सवलती आहेत, पण त्या मोजक्या. फॉर्म भरण्याची जबाबदारी त्या क्षणी माल ज्याच्या ताब्यात होता त्याची. रस्त्यावर म्हणजे वाहतूकदाराची.

२००५ पासून लागू झालेल्या फॉर्मबरोबर एक महत्त्वाचे कलम आले. १,००० गॅलन म्हणजे सुमारे ३,८०० लिटर किंवा त्याहून मोठी, सरकारी मानकानुसार बांधलेली टाकी, आत धोकादायक माल असताना ठोकली गेली आणि माल धरून ठेवणाऱ्या भागाला इजा झाली, तर थेंबही सांडला नसला तरी अहवाल द्यायचा. त्या भागाचे रक्षण करणारी चौकट, रेल किंवा मागचा गार्ड दुरुस्त करावा लागला तरीही द्यायचा. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात गोंधळ होतो तो ‘दुरुस्त करावा लागला’ या शब्दांवर. टाकीवरच्या उलटण्यापासून वाचवणाऱ्या रेलला पोचा आला, गॅरेजवाल्याने तो तसाच चालेल म्हणून सोडून दिला, तर अहवाल नाही. तोच पोचा दुसऱ्या गॅरेजवाल्याने कापून नवी पट्टी जोडली, तर अहवाल. धडक एकच, पण एकीकडे नोंद आहे आणि दुसरीकडे नाही. टाकी उलटूनही काही न वाकता उभी करता आली, तर तिची या फॉर्मात कुठेच नोंद नाही.

फॉर्म तसा बारकाईने बनवलेला आहे. टाकीचे मानक, कशाची बनली, कवचाची आणि दोन्ही टोकांची जाडी, डिझाइन दाब, बांधणीचे वर्ष, शेवटची तपासणी हे सगळे विचारतात. काय निकामी झाले, कसे झाले, कशामुळे झाले, याचे संकेतांक ठरलेले आहेत. धडक असेल तर अंदाजे वेग, हवामान, गाडी उलटली का, रस्ता सोडून गेली का, हेही विचारतात. नुकसानीचे आकडे मालाचे, गाडीचे, इतरांच्या मालमत्तेचे, आपत्कालीन मदतीचे आणि साफसफाईचे असे वेगवेगळे मागतात. इथेच वाहतूकदाराची पहिली रास्त तक्रार आहे. ३० दिवसांत दूषित माती काढण्याचे बिल आलेलेच नसते. म्हणून नियमात दुरुस्तीची सोय आहे. वर्षभरात नवा खर्च समोर आला, किंवा आधीचा अंदाज २५,००० डॉलर वा १० टक्के यांपैकी जो आकडा मोठा त्याहून जास्त बदलला, तर अहवाल सुधारून द्यायचा. पण पहिला फॉर्म गेला की फाइल बंद, ही सवय तिथेही आहेच. परिणामी डेटाबेसमधले खर्चाचे आकडे कमी दिसतात.

दुसरी नोंद पोलिसांची. राज्याचे पोलीस अपघाताचा अहवाल लिहितात. त्यातले मोठ्या ट्रकचे अपघात, म्हणजे ज्यांत मृत्यू झाला, कुणाला उपचारासाठी न्यावे लागले किंवा गाडी ओढून न्यावी लागली असे, केंद्राच्या मोटर वाहक माहितीसाठ्यात जातात. गाडीवर धोक्याची पाटी होती का, तिच्यावरचा ४ अंकी क्रमांक कोणता आणि माल सांडला का, एवढे त्यात असते. टाकी ॲल्युमिनियमची की स्टीलची, जाडी किती, कोणता व्हॉल्व्ह तुटला, यातले काही नसते, आणि पोलिसाकडून ती अपेक्षा करणेही बरोबर नाही.

थोडक्यात, एका साठ्याला टाकी कळते पण सगळे अपघात कळत नाहीत, तर दुसऱ्याला अपघात कळतात पण टाकी कळत नाही. दोन्ही जोडायला समान क्रमांक नाही. तारीख, जिल्हा आणि कंपनीचे नाव जुळवून पाहावे लागते, आणि कंपनीचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेले असते.

यातून नेमके काय बिघडते ते एका काल्पनिक आकड्याने सांगतो. समजा ‘अ’ प्रकारच्या टाकीच्या ४० गळत्या नोंदल्या गेल्या आणि ‘ब’ प्रकारच्या १५. बातमी होणार ‘अ’ची. पण ‘अ’ प्रकारच्या ४०० टाक्या उलटल्या होत्या आणि ‘ब’च्या फक्त ५०, हे कळले तर चित्र पालटते. ‘अ’ दहातून एकदा गळते, ‘ब’ दहातून तीनदा. ४०० आणि ५० हे दोन आकडेच आज कुणाकडे नाहीत. फक्त रुग्णालयात पोचलेल्या दुचाकीस्वारांवरून हेल्मेटची पारख करण्यासारखे हे आहे. हेल्मेटने ज्यांचे डोके वाचवले ते रुग्णालयात आलेच नाहीत.

रेल्वेच्या टाकी-वाघिणींबाबत अमेरिकेत हे काम १९७० पासून चालू आहे. वाघिणी बांधणारे आणि रेल्वे कंपन्या यांनी मिळून एक संशोधन प्रकल्प उभा केला. अपघातात सापडलेली वाघीण गळो वा न गळो, तिचे नुकसान नोंदले जाते. त्यातून, अपघातात सापडलेली अमुक प्रकारची टाकी माल सोडण्याची शक्यता किती, हा आकडा निघतो. टोकाला जाड ढाल लावली तर तो किती खाली येतो, कवच थोडे जाड केले तर किती, याची उत्तरे तिथे गणिताने देता येतात. मूळ कागद उद्योगाच्या ताब्यात राहतात, बाहेर येतात ते निष्कर्ष. हे सरकारच्या दट्ट्याने झाले नाही, उद्योगाने पदरचे पैसे घालून केले. पोलादाच्या प्रत्येक जादा मिलिमीटरचा खर्च त्यांनाच सोसायचा होता, त्यामुळे तो कुठे फळतो हे त्यांना कळणे गरजेचे होते.

रस्त्यासाठी तसेच करता येईल का, यावर ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या धोकादायक माल संशोधन कार्यक्रमाने २०१३ साली एक व्यवहार्यता अभ्यास प्रसिद्ध केला. उद्योगाच्या मतांची चर्चा अशा कामाभोवतीच फिरते. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये इंडियानापोलिसजवळ प्रोपेनचा टँकर उलटून पेटला. त्या तपासानंतर तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही, कोणत्या बांधणीच्या टाक्या जास्त फुटतात याचे उपलब्ध अपघात-माहितीवरून विश्लेषण करा, असे सरकारी यंत्रणेला सांगितले. विश्लेषण करायला बसले की माहितीची तीच तोकडी बाजू पुन्हा समोर येते.

आता उद्योगाचे म्हणणे. ते एकमुखी नाही, आणि एकमुखी मानल्यामुळेच बऱ्याच चर्चा फसतात.

वाहतूकदार म्हणतात, आम्ही तेच ते तीन ठिकाणी लिहितो: विमा कंपनीला, सरकारला आणि ज्याचा माल होता त्या कंपनीला. चौथा फॉर्म नको. हे मला पूर्णपणे पटते. ३ टँकर असलेल्या मालकाकडे सुरक्षा अधिकारी नसतो. फॉर्म त्याची बायको किंवा हिशेबनीस भरतो, आणि कवचाची जाडी विचारली की जे सुचेल ते लिहितो. अशी नोंद रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण ती खरी वाटते. टाकीच्या प्लेटवरचा अनुक्रमांक टाकला की बांधणीची सगळी माहिती आपोआप यावी, ही मागणी रास्त आहे. रेल्वेत ते जमते, कारण प्रत्येक वाघिणीचा क्रमांक आणि तिच्या बांधणीची कागदपत्रे एका जागी असतात आणि मालकही मोजके. रस्त्यावर हजारो लहान मालक, आणि टाकीची एकच अशी सर्वसमावेशक नोंदवही नाही.

दुसरा मुद्दा खटल्यांचा. अमेरिकेतला हा साठा इंटरनेटवर कुणालाही शोधता येतो, कंपनीच्या नावासकट. वकील, स्पर्धक आणि ग्राहक कंपनीचा खरेदी विभाग असे सगळेच तो वाचतात. म्हणून ‘कशामुळे झाले’ या रकान्यात कायदा विभागाने चाळून दिलेले वाक्य येते, आणि ते वाचून काही कळत नाही. ही भीती निम्मी खरी आहे. टाकीने मार कसा सोसला हे शिकायला चूक कुणाची होती हे लागतच नाही. ड्रायव्हरचे नाव, समोरच्या गाडीचा नंबर, दारू, झोप, यातले काहीच या कामाला लागत नाही. लागते ते एवढेच: टाकी कोणती, कशावर आपटली, कुठे, किती जोराने, आणि काय टिकले. दोष ठरवणारी नोंद आणि टाकीची पारख करणारी नोंद वेगळ्या ठेवल्या तर वाहतूकदारांचा अर्धाअधिक विरोध मावळतो. उरलेली निम्मी भीती मात्र नुसता आळस लपवण्यासाठी पुढे केली जाते, हेही सांगायला हवे.

तिसरा मुद्दा बदनामीचा. जी कंपनी इमानदारीने प्रत्येक गोष्ट नोंदवते तिचे नाव यादीत वर दिसते, आणि जी लपवते ती स्वच्छ. मोठ्या कंपन्यांचा आग्रह असतो की आकडा दर लाख किलोमीटरमागे द्या. बरोबर आहे, पण किलोमीटर मोजून देण्याची तयारी त्यांनीच ठेवायला हवी.

टाकी बांधणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना माहिती हवी असते, पण आपल्या बांधणीचे नाव घेऊन ती बाहेर पडायला नको असते. आग विझवणाऱ्यांना मात्र ती सर्वांत जास्त हवी, कारण उलटलेल्या टाकीजवळ किती अंतरावर उभे राहायचे हे त्यांना अंदाजाने ठरवावे लागते.

या सगळ्यावर मला सर्वांत व्यवहार्य वाटणारा तोडगा वाहतूकदाराला बाजूला ठेवतो. अमेरिकेत अशा टाक्यांची दुरुस्ती सरकारकडे नोंदणी असलेल्या आणि दाबपात्र (दाबाखालचा माल ठेवणारी टाकी) दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारखान्यातच करावी लागते. ठोकलेली टाकी शेवटी तिथेच येते. तिथला माणूस पोचा मोजतोच, जाडी तपासतोच, कारण त्याशिवाय दुरुस्तीचा अंदाज देता येत नाही. तेच मोजमाप नाव झाकून साठ्यात गेले, तर वाहतूकदाराला नवा फॉर्म भरावा लागत नाही आणि आकडा जाणकाराचा असतो. भंगारात गेलेल्या टाक्या तेवढ्या निसटतात. तेवढ्यासाठी विमा सर्व्हेयरचा अहवाल घ्यावा.

युरोपचे नियम इथे थोडक्यात बघण्यासारखे आहेत. तिथे धोकादायक मालाच्या रस्ता वाहतुकीच्या एडीआर करारात एक महिन्याच्या आत अहवाल लागतो, आणि जबाबदारी भरणारा, वाहणारा, उतरवणारा, घेणारा या सगळ्यांवर टाकली आहे. मर्यादा मालाच्या धोक्याप्रमाणे: विषारी वायूसारख्या वरच्या गटाला ५० किलो किंवा लिटर, पेट्रोलसारख्या मधल्या गटाला ३३३, खालच्या गटाला १,०००. प्राधिकाऱ्यांना लोक हलवावे लागले किंवा रस्ता ३ तास बंद ठेवावा लागला, तरीही अहवाल. मला आवडते ते त्यातले एक कलम: माल सांडण्याचा धोका निर्माण झाला, म्हणजे टाकी पुढे नेण्याच्या लायकीची राहिली नाही, तरी तो प्रसंग नोंदणीचा. गॅरेजवाल्याने पट्टी बदलली की नाही, यावर ते अवलंबून नाही.

आता आपल्याकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाचे. त्यातल्या नियम १३६ प्रमाणे अपघात झाला की ड्रायव्हरने तत्काळ जवळच्या पोलीस ठाण्यात आणि गाडीमालकाला किंवा वाहतूकदाराला कळवायचे. त्या नियमात एवढेच आहे. टाकीचा अहवाल किंवा ठरलेला फॉर्म त्यात मागितलेला नाही. मोठ्या औद्योगिक अपघाताची माहिती ४८ तासांत देण्याचा १९८९ च्या घातक रसायन नियमांतला नियम कारखान्याच्या जागेला आणि पाइपलाइनला लागतो, घाटात उलटलेल्या टँकरला नाही. पेट्रोलियम आणि दाबाखालचे वायू यांच्या अपघातांची खबर स्फोटक विभागाला, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसोला द्यावी लागते. त्यामुळे टोल्युइनचा किंवा एलपीजीचा टँकर त्या चौकटीत येतो, गंधकाम्लाचा किंवा कॉस्टिक लायचा (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा) येत नाही. लोटे, तळोजा, पाताळगंगा, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतून निघणाऱ्या गाड्यांत ॲसिड-अल्कलीच्या गाड्या किती असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला ही फट केवढी मोठी आहे ते कळेल.

रस्ते मंत्रालयाच्या ई-डार प्रणालीत पोलीस आता अपघात मोबाइलवरून नोंदवतात. पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत, ही चौकट २०२२ पासून आहे. रस्त्याच्या दृष्टीने आणि जखमींच्या भरपाईसाठी ती चांगलीच आहे. तिचा रोख मात्र टाकीवर नाही.

२० डिसेंबर २०२४ ला जयपूर–अजमेर महामार्गावर भांक्रोट्याजवळ वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रक धडकला, टँकरचे नोझल तुटले, गॅस रस्त्यावर पसरून पेटला. त्यानंतर चर्चा झाली ती वळणाच्या जागेची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण टाकीवाल्याचे प्रश्न वेगळे असतात. आतला व्हॉल्व्ह प्रवासात बंद होता का? पाइप तुटल्यावर जादा प्रवाहाने आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह मिटला का? व्हॉल्व्हच्या पेटीला बाहेरून संरक्षण किती होते? आणि देशात गेल्या १० वर्षांत बुलेट टँकरच्या (दाबाखालचा गॅस नेणाऱ्या लांबट टँकरच्या) व्हॉल्व्ह पेटीवर किती धडका बसल्या आणि त्यांतल्या किती गळल्या? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देईल अशी वही आपल्याकडे नाही. न गळलेली धडक म्हणजे आपल्याकडे फक्त विम्याचा दावा, आणि तोही पुष्कळदा केला जात नाही, पुढच्या वर्षीची सूट जाईल म्हणून.

असा डेटाबेस आपल्याकडे आलाच, तर उद्योगाने तो नको म्हणण्यापेक्षा अटी घालाव्यात. नोंद गळतीवर नव्हे, प्रसंगावर बेतलेली असावी: टाकी उलटली, टाकीला किंवा तिच्या रक्षकाला पोचा आला, माल दुसऱ्या गाडीत काढावा लागला, यांतले काहीही घडले की नोंद. ती गुन्ह्याच्या तपासापासून वेगळी राहावी आणि बाहेर जाताना नाव झाकलेले असावे. आणि ओळख गाडीच्या नंबराने नव्हे, टाकीच्या प्लेटवरच्या अनुक्रमांकाने व्हावी. हा मुद्दा अमेरिकेपेक्षा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. चासी जुनी झाली की टाकी उचलून नव्या चासीवर बसवायची, ही आपली सर्रास रीत. गाडीची नोंदणी २०२२ ची आणि टाकी २००९ ची, असे आरसी बुकावरून कळतच नाही. सांभाळायला इंडियन केमिकल कौन्सिलच्या नायसर ग्लोबसारखी उद्योगाची यंत्रणा मला पोलीस किंवा आरटीओपेक्षा बरी वाटते. गाड्यांवर नजर ठेवण्याचे काम तिथे होतेच, त्यामुळे किलोमीटरचा आकडाही हाताशी राहील.

कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. माल भरणारी कंपनी असो की वाहतूकदार, स्वतःची वही आजही ठेवता येते. त्यात काय लिहायचे आणि कुठे चुकते, ते जरा सविस्तर सांगतो.

सर्वांत मोठी चूक क्रेन आल्यावर होते. टँकर पडतो तेव्हा एक नुकसान होते, आणि उचलताना दुसरे. साखळी मॅनहोलच्या गळ्याला किंवा खालच्या पाइपला अडकवली जाते, टाकी रस्त्यावरून १० मीटर फरफटते आणि नंतर फोटोत दिसणारी चीर अपघाताची समजली जाते. म्हणून अग्निशमन दलाने किंवा कारखान्यांच्या परस्पर मदत गटाच्या प्रमुखाने जवळ जाण्याची परवानगी दिल्यावर, आणि क्रेनचा हूक लागण्याआधी, फोटो काढायचे. दोन्ही डिश एंड (टाकीची फुगीर टोके), दोन्ही बाजू, वरचे मॅनहोल, खालचा व्हॉल्व्ह, डेटा प्लेट, धोक्याची पाटी, आणि ज्यावर टाकी आपटली तो दगड, कठडा किंवा क्रॅश बॅरियर. प्रत्येक पोच्याच्या फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. ज्वालाग्राही माल असेल तर साधा मोबाइल घेऊन जवळ जायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. लांबून काढलेला फोटोही चालतो.

टाकी उभी केल्यावर हँडलांची जागा बदललेली असते, म्हणून व्हॉल्व्हची स्थिती पडलेल्या अवस्थेतच लिहायची: आतला व्हॉल्व्ह बंद की उघडा, बाहेरचा बॉल व्हॉल्व्ह बंद की उघडा, शेवटची टोपी म्हणजे ब्लाइंड फ्लँज लावलेली होती का, तिचे बोल्ट सगळे होते का. आपल्याकडच्या कितीतरी गळत्यांत टाकी फुटलेली नसते. मॅनहोलचे झाकण ४ बोल्टांवर बसवलेले असते, जिथे ८ हवे होते, किंवा गॅस्केट त्या मालाला चालणारे नसते. हे ‘टँकर फुटला’ असे नोंदले गेले, तर उद्या कोणी जाड कवचाचा नियम करेल आणि गळती तशीच राहील. म्हणून माल नेमका कुठून आला हे एका वाक्यात लिहा: कवच, डिश एंड, मॅनहोल, श्वास-व्हॉल्व्ह, खालचा पाइप की होज.

पोचा लिहायची रीत साधी आहे. मागून पाहताना घड्याळाच्या किती वाजण्याच्या दिशेला, मागच्या डिश एंडपासून पुढे किती अंतरावर, लांबी, रुंदी, खोली. उदाहरणार्थ: ‘४ वाजण्याच्या दिशेला, मागच्या टोकापासून १.२ मीटर, ६२० बाय ३१० मि.मी., खोली ४५ मि.मी., वेल्डपासून ८० मि.मी. दूर, चीर नाही.’ वेल्डपासूनचे अंतर हवेच, कारण वेल्डवर आलेला पोचा आणि सपाट पत्र्यावरचा पोचा यांची गंभीरता वेगळी. वर्कशॉपमध्ये टाकी धुऊन, वायुमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर अल्ट्रासॉनिक गेजने पोच्यात आणि शेजारच्या चांगल्या पत्र्यावर जाडी घ्या. ॲसिडच्या टाकीत चांगला पत्राही मूळ जाडीपेक्षा पातळ निघतो, आणि मग कळते की टाकी आपटून फुटली की आधीच गंजून तयार होती.

किती सांडले याचा आकडा अंदाजाने लिहू नका. ‘अंदाजे २ टन’ हा आकडा इतक्या अहवालांत दिसतो की त्यावर विश्वासच बसत नाही. वजनकाट्याच्या पावत्यांवरून काढा. समजा भरताना निव्वळ वजन २०,४८० किलो, दुसऱ्या टँकरमध्ये काढलेला माल १८,९१० किलो, टाकीत तळाला उरलेला १२० किलो. सांडले १,४५० किलो. ९८ टक्के गंधकाम्ल असेल तर १.८४ ने भागून साधारण ७९० लिटर. भरलेली पातळी किती टक्के होती तेही लिहा. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळून उलटते, आणि ते कारण ‘अतिवेग’ या एका शब्दाखाली गाडले जाते. वेग जीपीएसच्या नोंदीतून घ्या, शेवटच्या ५ मिनिटांचा. ही नोंद सेवा देणाऱ्याकडून लगेच मागवून ठेवा, कारण काही महिन्यांनी ती मिळेलच असे नाही.

कागद कुठे असतात हाही प्रश्न आहेच. ट्रेम कार्ड (आपत्कालीन सूचनांचे कार्ड) आणि मालाची कागदपत्रे केबिनमध्ये, केबिन चेंबलेली, ड्रायव्हर रुग्णालयात किंवा पळालेला. म्हणून भरणाऱ्या कंपनीने गाडी गेटबाहेर पडतानाच यूएन क्रमांक (मालाची ओळख सांगणारा ४ अंकी), हॅझकेम कोड (आपत्कालात काय करायचे ते सांगणारा संकेतांक), निव्वळ वजन, टाकी अनुक्रमांक आणि बोल्ट-गॅस्केट तपासणीची नोंद आपल्याकडे ठेवावी. अटॅच गाडीच्या (दुसऱ्याच्या मालकीच्या, वाहतूकदाराने कामाला लावलेल्या) बाबतीत मालक, वाहतूकदार, दलाल आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. वाहतूक करारातच लिहून टाका की प्रसंगाचा अहवाल वाहतूकदाराने ७ दिवसांत द्यायचा आणि टाकी दुरुस्त करण्याआधी ती पाहायला कंपनीला ४८ तासांची मुभा द्यायची. नाहीतर दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटरने ठिगळ मारलेले असते आणि पाहायला काहीच उरत नाही. उशीर झाला तर भाडे अडते, ही वाहतूकदाराची तक्रार खरी आहे. त्या दोन दिवसांचे थांबा-शुल्क कंपनीने द्यावे.

वही भरायला ३० दिवस पुरतात, पण एकदा भरून ती बंद करू नये. ९० दिवसांनी पोलिसांचा सविस्तर अहवाल, सर्व्हेयरचा अहवाल आणि वर्कशॉपचे जाडीचे आकडे एकत्र ठेवून पुन्हा वाचायची, जुने आकडे खोडायचे नाहीत, शेजारी तारीख टाकून नवे लिहायचे. ही फाइल २ वर्षांनी रद्दीत न घालता टाकीच्या अनुक्रमांकाखाली, ती टाकी भंगारात जाईपर्यंत ठेवायची. टाकी विकली तर तिची प्रत नव्या मालकाला द्यायची.